डीएसपी शिकायला कोणतं पुस्तक घ्यावं? आधी तुमचा सिग्नल ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथन चांगलं येतं, कॉलेजातलं गणित बरंचसं पुसट झालंय. कामावर मोटरला बसवलेल्या कंपन-सेन्सरचा डेटा येऊ लागलाय आणि त्यासाठी डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग (डीएसपी) शिकायचंय. ऑपनहाइम आणि शेफर यांचं पुस्तक आणलं, झेड-ट्रान्सफॉर्मपाशी (फिल्टर बीजगणितात मांडायच्या पद्धतीपाशी) गाडी अडली. मग दोन ऑनलाइन कोर्स सुरू केले, दोन्ही अर्ध्यात सुटले. आता नेमकं कोणतं पुस्तक, कोणता कोर्स आणि कोणतं सॉफ्टवेअर?

ऑपनहाइम-शेफर हे या विषयातलं अतिशय भक्कम पुस्तक आहे. तुम्ही त्यात अडकलात याचा अर्थ विषय तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे असा मुळीच नाही. ते पुस्तक ज्या वाचकासाठी लिहिलंय, तो सिग्नल्स आणि सिस्टिम्सचा एक पूर्ण अभ्यासक्रम करून आलेला असतो. कॉन्व्होल्यूशन (सिग्नलवर फिल्टर लावायची मूळ आकडेमोड) त्याने हाताने सोडवलेलं असतं, फूरिए ट्रान्सफॉर्मची (सिग्नल वारंवारतांमध्ये फोडण्याची) सवय झालेली असते. तुम्ही थेट दुसऱ्या मजल्यावर चढायला गेलात, इतकंच.

साधनं निवडताना मी एक कसोटी लावते आणि शिकणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगते. हे प्रकरण वाचून झाल्यावर, प्रोग्राम चालवायच्या आधी, मला उत्तराचा आकडा सांगता येतो का? येत असेल तर ते साधन आत्ता तुमच्या कामाचं. नुसतं ‘समजल्यासारखं’ वाटत असेल आणि आकडा सांगता येत नसेल, तर ते पुस्तक कितीही नावाजलेलं असो, या घडीला तुमचं नाही. या विषयात ही कसोटी लावणं सोपं आहे, कारण जवळपास प्रत्येक संकल्पनेतून एक ठोस आकडा निघतो आणि तो पायथनच्या चार ओळींत तपासता येतो.

एक उदाहरण पूर्णच करून दाखवते. सॅम्पलिंग १००० हर्ट्झ ठेवा, म्हणजे सेकंदाला १००० मोजमापं. ५० हर्ट्झची, १ ॲम्प्लिट्यूडची शुद्ध साइन तयार करा. तिचे १००० सॅम्पल घेऊन एफएफटी (कोणती वारंवारता किती आहे ते झटपट काढणारी आकडेमोड) केलीत तर दोन बिनमधलं, म्हणजे वारंवारतेच्या दोन कप्प्यांमधलं, अंतर बरोबर १ हर्ट्झ येतं. म्हणून ५०व्या बिनवर ५०० उंचीची एकच रेघ दिसते, तिचं प्रतिबिंब ९५०व्या बिनवर आणि बाकी सगळीकडे जवळजवळ शून्य. आता सॅम्पल १००० ऐवजी १०२४ घ्या, कारण दोनचा घात घ्यायची सगळ्यांनाच सवय असते. बिनमधलं अंतर झालं ०.९७६६ हर्ट्झ. ५० भागिले ०.९७६६ म्हणजे ५१.२. या नावाचा बिनच नाही. शिखर ५१व्या बिनवर दिसेल, त्याची वारंवारता वाचाल ती ४९.८ हर्ट्झ, आणि उंची ५१२ नसून सुमारे ४७९, म्हणजे खऱ्या ॲम्प्लिट्यूडच्या सुमारे ९३.५ टक्के. शेजारच्या ५२व्या बिनवरही चांगली २३ टक्क्यांची रेघ उभी राहील आणि पायथ्याशी दोन्ही बाजूंना उतार पसरेल. सिग्नल तोच, फक्त २४ सॅम्पल जास्त.

ही आकडेमोड तुम्हाला कागदावर करता आली तर डीएफटी (एफएफटी झटपट काढते ते मूळ रूपांतर), लीकेज (शेजारच्या बिनमध्ये होणारी ही गळती) आणि विंडो (ती कमी करायला तुकड्याच्या कडा हळूहळू शून्यावर आणणं) या तिन्ही गोष्टींचा गाभा हाती आला. जे पुस्तक तुम्हाला इथवर आणून सोडेल ते चांगलं. ‘एफएफटीमुळे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी कळतात’ एवढं सांगून एक सुंदर रंगीत आलेख दाखवणारं साधन बाजूला ठेवा. व्हिडिओंमध्ये असली साधनं खूप आहेत.

आता पुस्तकांकडे. तुमची पार्श्वभूमी पाहता सुरुवातीला मी तीन नावं घेईन. पण तिन्ही एकदम उघडू नका.

पहिलं रिचर्ड लायन्स यांचं ‘अंडरस्टँडिंग डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग’. एकच पुस्तक घ्यायचं असेल तर हेच. लायन्स प्रत्येक सूत्र मांडल्यावर छोट्या आकड्यांचं उदाहरण घेतात. आठ सॅम्पलचा डीएफटी ते पदापदाने हातानेच सोडवून दाखवतात. तो भाग वाचू नका, पेन घेऊन सोबत सोडवा. सॅम्पलिंग, डीएफटी, एफएफटी, एफआयआर (फक्त इनपुटवर चालणारे फिल्टर), आयआयआर (स्वतःचं आधीचं आउटपुटही वापरणारे फिल्टर) असा त्यांचा क्रम आहे आणि कंपनाच्या कामाला तो अगदी सोयीचा पडतो. पुढे युक्त्यांचं एक लांबलचक प्रकरण आहे. नोकरीत वर्षानुवर्षं उघडलं जाईल असं ते आहे, पण पहिल्या वाचनात त्याला हात लावू नका. आवृत्ती घेताना तिसरी घ्या, तिच्यात सरावाचे प्रश्न आहेत.

दुसरं स्टीव्हन स्मिथ यांचं ‘द सायंटिस्ट अँड इंजिनियर्स गाइड टू डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग’. हे लेखकानेच इंटरनेटवर मोफत ठेवलंय. गणिताची धास्ती घेतलेल्या माणसाला मी आधी हेच देते. झेड-ट्रान्सफॉर्म यात अगदी शेवटच्या प्रकरणांमध्ये येतो, तोवर तुमचे फिल्टर लिहून, चालवून झालेले असतात. कॉन्व्होल्यूशन समजावताना ते दोन बाजूंनी पाहतात: एक इनपुट सॅम्पल पुढे कुठे कुठे पसरतो, आणि एक आउटपुट सॅम्पल मागून काय काय गोळा करतो. हे दोन्ही डोळ्यांपुढे आलं की तो विषय कायमचा सुटतो.

तिसरं ॲलन डाउनी यांचं ‘थिंक डीएसपी’. हेही मोफत मिळतं, सगळं पायथनमध्ये आणि नोटबुकसकट. तुम्हाला प्रोग्रामिंगचा हात आहे, म्हणून हे सोबतीला ठेवा. मुख्य पुस्तक म्हणून मात्र नको. त्यात बऱ्याच गोष्टी तयार क्लासच्या आत झाकलेल्या आहेत, आणि आपल्याला नेमकी झाकण काढून पाहायची गरज आहे. त्यातलं प्रत्येक उदाहरण नुसत्या नमपायने (पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीने) पुन्हा लिहा.

दोन पुस्तकं समांतर वाचणाऱ्यांची हमखास फसगत होते ती चिन्हांमध्ये, आणि हे कुणी आधी सांगत नाही. आयआयआर फिल्टरचे सहगुणक घ्या. सायपाय (पायथनची फिल्टर वगैरेंची लायब्ररी) आणि मॅटलॅबमध्ये ‘बी’ म्हणजे इनपुटचे, अंशातले सहगुणक आणि ‘ए’ म्हणजे फीडबॅकचे, छेदातले. स्टीव्हन स्मिथ यांच्या पुस्तकात बरोबर उलट: ‘ए’ इनपुटचे, ‘बी’ फीडबॅकचे. शिवाय फीडबॅकच्या सहगुणकांचं चिन्हही बदलतं. सायपायमध्ये छेद ‘१ अधिक’ असा लिहिलेला असतो, म्हणून फरक-समीकरणात ती पदं वजा होतात; स्मिथ ती सरळ मिळवतात. ऑपनहाइम-शेफरमध्ये अक्षरं सायपायसारखी आणि छेद मात्र ‘१ वजा’ असा. पुस्तकातले आकडे तसेच उचलून प्रोग्राममध्ये घातले की फिल्टर चुकीचा चालतो किंवा आउटपुट भडकतं, आणि माणसाला वाटतं आपल्याला विषयच कळला नाही. वारंवारतेचंही तसंच आहे. कुणी ती रेडियन प्रति सॅम्पल लिहितं आणि कमाल मर्यादा पाय (π) मानतं. कुणी सॅम्पलिंगची वारंवारता १ धरतं, म्हणजे मर्यादा ०.५. सायपायचे फिल्टर बनवणारे फंक्शन, सॅम्पलिंग रेट दिला नाही तर, नायक्विस्ट (सॅम्पलिंगच्या निम्मी वारंवारता) १ धरतात. वहीच्या पहिल्या पानावर या तिन्हींचा तक्ता काढा आणि नवं साधन उघडलं की आधी ते कुठल्या रकान्यातलं आहे ते बघा. सायपायमध्ये सॅम्पलिंग रेट नेहमी स्पष्ट लिहा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

गणित किती लागेल? पहिल्या टप्प्याला तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी, पण जे लागतं ते अगदी हातात बसलेलं हवं. कॉम्प्लेक्स नंबर, ऑयलरचं सूत्र आणि भूमितीय श्रेढीची बेरीज. तिसरी गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल, पण डीएफटीची अर्धी सिद्धता त्या एका बेरजेवर उभी आहे. वरच्या उदाहरणातले ९३.५ टक्के हेही त्याच बेरजेतून निघतात. इंटिग्रेशनच्या युक्त्या आत्ता उजळत बसू नका. या तीन गोष्टींसाठी ज्युलियस स्मिथ यांचं ‘मॅथेमॅटिक्स ऑफ द डीएफटी’ इंटरनेटवर मोफत वाचता येतं. अडेल तेवढंच प्रकरण उघडायचं आणि परत यायचं.

झेड-ट्रान्सफॉर्मबद्दल थोडं वेगळं बोलते, कारण तिथेच तुम्ही थांबलात. बहुतेकांना अडवतो तो रीजन ऑफ कन्व्हर्जन्स, म्हणजे झेडच्या ज्या किमतींना ती बेरीज मर्यादित राहते तो प्रदेश. एकच बीजगणिती उत्तर दोन वेगळ्या सिग्नलांचं असू शकतं, एक शून्यापासून पुढे जाणारा आणि एक मागे जाणारा. कोणता ते ठरवायला तो प्रदेश लागतो. हे खरं आहे आणि पुढे महत्त्वाचंही आहे. पण तुमचे फिल्टर कॉजल आहेत, वेळ पुढेच जाते. त्यामुळे पहिल्या फेरीत दोन गोष्टी पुरतात. झेडचा उणे एक घात म्हणजे एका सॅम्पलचा उशीर. आणि सगळे पोल (छेद शून्य करणाऱ्या झेडच्या किमती) एकक वर्तुळाच्या आत असले की फिल्टर स्थिर. एवढ्यावर पुढे जा. एका पोलचा फिल्टर घेऊन पोल ०.५, ०.९, ०.९९ असा सरकवत इम्पल्स रिस्पॉन्स (एकच धक्का दिल्यावर येणारं आउटपुट) काढा. १०० सॅम्पलनंतर ०.९९ चा घात किती उरतो ते आधी कागदावर काढा: सुमारे ०.३७. मग स्क्रीनवर बघा. अशा दोन संध्याकाळींनंतर ऑपनहाइम-शेफरमधलं ते प्रकरण परत उघडलंत तर ते पूर्वीसारखं परकं वाटणार नाही.

म्हणजे ते पुस्तक विकू नका. लायन्स एकदा पूर्ण झाल्यावर ते काढा आणि मजकुरापेक्षा प्रकरणाअखेरच्या प्रश्नांसाठी वापरा. त्यांचं खरं बळ त्या प्रश्नांत आहे. ऑपनहाइम यांची १९७५ सालची डीएसपीची व्याख्यानं एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर मोफत आहेत. फळा आणि खडूचा काळ, पण विचारांची मांडणी इतकी स्वच्छ आहे की आजही मी ती बिनदिक्कत सुचवते. एक व्याख्यान, मग त्याच विषयाचे तीन-चार प्रश्न, मगच पुढचं व्याख्यान. कोर्स अर्ध्यात सुटतात ते बहुधा यामुळेच की माणूस सलग सहा व्हिडिओ बघतो आणि सातव्यात अचानक काहीच कळेनासं होतं. मधल्या पाच व्हिडिओंत हात चाललेलाच नसतो.

सॉफ्टवेअरवर फार विचार करू नका. तुम्हाला पायथन येतं, मग नमपाय, सायपाय आणि मॅटप्लॉटलिब. पुस्तकातला कोड मॅटलॅबचा असेल तर तो बहुतेक वेळा ऑक्टेव्हमध्ये चालतो आणि ऑक्टेव्ह मोफत आहे. फक्त तयार फंक्शन वापरण्याआधी ते एकदा स्वतः लिहा. डीएफटी दोन लूपने, एफआयआर एका लूपने. ते सायपायच्या उत्तराशी जुळलं की मग खुशाल तयार वापरा.

तयार फंक्शन आतून काय करतं हे माहीत नसलं की काय होतं, याची दोन उदाहरणं देते, कारण दोन्ही तुमच्या कामात येणारच. फिल्टफिल्ट हे फंक्शन फिल्टर एकदा पुढून आणि एकदा मागून चालवतं, त्यामुळे फेजचा फरक शून्य होतो. लोक त्यावर खूश असतात. पण फिल्टर दोनदा लागल्याने कटऑफवरची (फिल्टर जिथून अडवायला लागतो त्या वारंवारतेवरची) ३ डेसिबलची घट ६ डेसिबल होते, आणि मागून चालवायला पुढचे सॅम्पल आधी हातात लागतात, म्हणून थेट चालू डेटावर हे जमत नाही. साठवलेल्या डेटावर सगळं छान दिसतं आणि यंत्रावर चढवताना कळतं की हा मार्गच बंद आहे. दुसरं, अरुंद बँडपास, म्हणजे वारंवारतेचा एकच पट्टा पुढे जाऊ देणारा फिल्टर. सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ, पट्टा ४५ ते ५५ हर्ट्झ, बटरवर्थ प्रकारचा फिल्टर, ऑर्डर ८. बँडपासमध्ये ती दुप्पट होऊन १६ होते. हे सहगुणक एकाच मोठ्या बहुपदीत मांडलेत तर सगळे पोल झेड बरोबर १ च्या आसपास दाटीने बसतात, डबल प्रिसिजनची अचूकताही पुरत नाही आणि फिल्टर कोसळतो. तोच फिल्टर दुसऱ्या ऑर्डरच्या तुकड्यांत, म्हणजे सायपायच्या एसओएस रूपात मागितलात की व्यवस्थित चालतो. एखाद्या पुस्तकात किंवा कोर्समध्ये एसओएसचा उल्लेखच नसेल, तर फिल्टर प्रत्यक्ष वापरायचा भाग शिकायला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

आता तुमच्या मोटरकडे, कारण अभ्यासाला दिशा तिथूनच मिळेल. समजा ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर चालणारी दोन पोलची (इथे पोल म्हणजे चुंबकीय ध्रुव) मोटर आहे आणि ती मिनिटाला २९७० फेरे घेते, म्हणजे ४९.५ हर्ट्झ. तिच्या फेऱ्यांच्या दुपटीवर, ९९ हर्ट्झला, यांत्रिक दोषामुळे कंपन येऊ शकतं. पुरवठ्याच्या दुपटीवर, १०० हर्ट्झला, विद्युतचुंबकीय कारणाने येतं. दोन्हींची दुरुस्ती अगदी वेगळी, आणि अंतर फक्त १ हर्ट्झ. १००० हर्ट्झने १०२४ सॅम्पल घेतलेत, हान विंडो लावलीत, तर तुम्हाला एकच उंचवटा दिसेल. मग कुणीतरी सुचवतं की शून्यं जोडून ४०९६ करा, बिन चौपट बारीक होतील. करून बघा. आलेख गुळगुळीत होईल, पण उंचवटा एकच राहील, कारण माहिती एका सेकंदाचीच आहे. खरे ४०९६ सॅम्पल, म्हणजे चार सेकंदांचा डेटा घ्या. दोन शिखरं स्वच्छ वेगळी होतील, अर्थात त्या चार सेकंदांत मोटरचा वेग स्थिर राहिला तर. शून्यं जोडल्याने वेगळं ओळखण्याची क्षमता वाढत नाही ही गोष्ट लायन्स समजावतात, ऑपनहाइम-शेफर समजावतात. पुष्कळ व्हिडिओ मात्र नेमकं उलट सांगून जातात. नवा कोर्स पारखायला हा एकच प्रश्न पुरे आहे.

अजून एक मुद्दा कंपनाच्या डेटात लगेच भेटतो. गोंगाटाचा स्पेक्ट्रम डेटा वाढवून गुळगुळीत होत नाही, फक्त काटे जास्त दाट होतात. त्यासाठी तुकडे पाडून सरासरी घ्यावी लागते. वेल्च यांची १९६७ सालची पद्धत सायपायमध्ये तयार आहे. तिच्यामागचं कारण नीट समजून घ्यायचं असेल तर बेंडॅट आणि पियर्सोल यांचं ‘रँडम डेटा’ बघा. कंपन आणि मोजमाप करणाऱ्यांसाठीच ते लिहिलेलं आहे. मात्र ते लायन्सनंतर. बेअरिंगच्या दोषांसाठी एन्व्हलपचं (सिग्नलच्या चढउताराच्या बाह्यरेषेचं) विश्लेषण लागेल. त्याला बँडपास आणि हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म एवढंच भांडवल पुरतं आणि तेही लायन्समध्ये आहे. ॲडाप्टिव्ह फिल्टर, वेव्हलेट, मल्टिरेट अशा पुढच्या विषयांच्या पुस्तकांच्या याद्या तुम्हाला सगळीकडे दिसतील. तुमच्या डेटाने तो प्रश्न विचारेपर्यंत त्या बंद ठेवा.

वाचायला बसण्याआधी सेन्सर आणि डेटा गोळा करणाऱ्या कार्डाची डेटाशीट काढा आणि सॅम्पलिंगच्या आधी अँटी-अलायझिंग फिल्टर (नायक्विस्टच्या वरच्या वारंवारता अडवणारा) आहे का ते बघा. सॅम्पलिंग १००० हर्ट्झ असेल आणि मोटरमध्ये ९०० हर्ट्झचं कंपन असेल, तर फिल्टरशिवाय ते तुमच्या आलेखात १०० हर्ट्झवर येऊन बसेल, बरोबर त्या जागी जिथे तुम्ही विद्युत दोष शोधताय. एकदा डेटा साठवला की ते वेगळं काढायला कुठलंही फंक्शन उपयोगी पडत नाही. फिल्टर असेल तर त्याची कटऑफ वहीत लिहून ठेवा. नसेल तर सॅम्पलिंग रेट थोडासा बदलून तेच मोजमाप पुन्हा घ्या, समजा ११०० हर्ट्झला. खरं १०० हर्ट्झचं शिखर जागचं हलणार नाही, आणि ९०० वरून आलेलं २०० वर सरकेल. लायन्स यांच्या सॅम्पलिंगच्या प्रकरणाला तुमच्याच यंत्रावर याहून चांगला पहिला धडा मिळणार नाही, तेव्हा हे मोजमाप आधी करा आणि मग ते प्रकरण उघडा.